गरम नालीची नलूमावशी

लेकराला पायांवर घ्यायच्या आधी नलूमावशी हातातल्या बांगड्या काढून भिंतीच्या खिळ्याला अडकवायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढायची, दोन्ही पाय समोर पसरायची आणि लेकराच्या आईला म्हणायची, "तू उठ वं इथून. तुह्या डोळ्यात पाणी आलं का माहे हात कापते."

आई उठून आत गेली की मग तिचा आणि लेकराचा संवाद सुरू व्हायचा. संवाद म्हणजे बोलायची तीच. तेल चोळताना ती प्रत्येक पोराची नोकरी ठरवून टाकायची. "पाय कसा झाडते पाय! हमाल होईन हा. पोत्यावर पोतं चढवीन." "मुठी सोडतच नाई. हा सेठ होईन, कोणाले काई देणार नाई." "हा पाह्य ना, डोळे मिटूनच हाय. सरकारी बाबू." माझ्या आईच्या सांगण्यानुसार मी जी बोंबलायला लागले ती टॉवेलात गुंडाळेपर्यंत थांबले नाही. नलूमावशी म्हणाली होती, "ही भांडून खाईन." तिची बाकी भाकितं बहुतेक चुकली. सेठ होणारा पोट्टा आज पंक्चर काढतो. माझ्याबद्दलचं तेवढं खरं झालं.

मी पर्च्या वाटते. नदी, पाणी, जमीन, मजुरी यांबद्दल हिंदीत छापलेले एकपानी कागद. पाऱ्यातले, म्हणजे आमच्या वस्तीतले, लोक मला 'पर्चीवाली' म्हणतात आणि माझ्या पर्चीत भजी बांधून देतात. मला पर्चीची भाषा येते: काय झालं, कोणी केलं, कोण गप्प बसलं. माणसांबद्दल लिहायची सवय नाही. पण नलूमावशी पर्चीत मावली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रायपूरच्या कडेला, खारून नदीच्या काठी तांदळाची कंपनी आहे. कंपनीचं नाव काहीही असो, सगळे तिला कंपनीच म्हणतात. तिथे उसना, म्हणजे उकडा, तांदूळ होतो. धान आधी मोठाल्या हौदांत गरम पाण्यात भिजवायचं, मग वाफवायचं, वाळवायचं, मग सडायचं. भिजवण झालं की हौदातलं पाणी सोडून देत. मागच्या भिंतीला एक भोक होतं, तिथून ते बाहेर पडायचं आणि कच्च्या नालीतून नदीकडे जायचं. पिवळसर, आंबूस वासाचं, वाफाळतं पाणी. दिवसातून दोनदा.

शहर कसं वाढतं याबद्दल रायपूर राजधानी झाल्यापासून आम्ही पुष्कळ भाषणं ऐकली. आराखडे, चौपदरी रस्ते, नवं शहर. आमचा पारा कुठल्या आराखड्याने वाढला नाही. तो त्या नालीच्या कडेकडेने वाढला. भंडारा, गोंदिया, तुमसरकडून कंपनीत कामाला आलेल्या माणसांनी जिथे फुकट गरम पाणी मिळतं तिथे झोपड्या टाकल्या. झोपडीचं पुढे पक्कं घर झालं, पण दार नालीकडेच राहिलं. आजही तुम्ही रस्त्याने आलात तर पाऱ्याची नुसती पाठ दिसते. तोंड नालीकडे. नालीवर आंघोळ, नालीवर कपडे, नालीवर भांडी, नालीवर भांडणं. चहाची टपरी पाणी सुटायच्या वेळेला उघडायची. लग्नाची हळद नालीच्या पाण्याने उतरायची. शाळेत पोरं उशिरा गेली तर मास्तरांना सांगायची, "सर, पानी नहीं आया था," आणि मास्तर मुकाट्याने बसायला सांगायचे, कारण तेही नालीवरच आंघोळ करायचे. कंपनीच्या चिमणीतून उडणारी भुशाची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, त्यामुळे आमच्या पाऱ्यात पांढरा सदरा कोणी शिवत नसे. कंपनीने असा आमचा रंगसुद्धा ठरवला होता.

या पाऱ्याची बाळं धुवायचं काम नलूमावशीचं. नलू मेश्राम. तुमसरकडून लग्न होऊन आली तेव्हा नवरा हौदावर कामाला होता. तो पुढे छातीच्या दुखण्याने गेला. एक मुलगी, माया. बाळंतिणीला शेकणं, लेकराला चोळणं ही विद्या ती माहेरून घेऊन आली होती, आणि त्या विद्येचा पाया एकच: तांदळाचं पाणी. तिच्या गावाकडे भाताची पेज पातळ करून लेकराच्या अंगाला लावत. कातडी मऊ होते, हाड धरतं. इथे आली आणि पाहते तर काय, भिंतीतून धानाचं गरम पाणी नदीसारखं वाहतंय. तिने मनाशी हिशेब मांडला असणार की ही कंपनी म्हणजे एक मोठी हंडी आहे आणि आपल्या दारात तिची पेज ओतली जाते आहे.

मी कॉलेजात असताना एकदा तिला म्हटलं, "मावशी, ते कारखान्याचं सांडपाणी आहे."

"सांडपाणी तुह्या कॉलेजात असन. हे धानाचं पाणी हाय. धान आपली माय हाय. मायचं दूध कधी जहर होते का वं?"

मी पर्ची दिली. तिने ती दुमडून तेलाच्या बाटलीचं बूच केलं.

लेकरू सव्वा महिन्याचं झालं की पाऱ्यात 'पहिलं पाणी' असायचं. तोपर्यंत आंघोळ घरात, पण नालीचंच पाणी आणून. त्या दिवशी मात्र लेकराला उघड्यावर, भोकाजवळच्या मोठ्या दगडावर न्यायचं. पाऱ्यातल्या बाया भोवती बसायच्या, नलूमावशी दगडावर पाय पसरायची आणि पहिल्यांदा ताज्या धारेचं पाणी लेकराच्या अंगावर पडायचं. आमच्याकडे बुद्धवंदना व्हायची, शेजारच्या साहू लोकांकडे नारळ फुटायचा, पण दगड तोच आणि पायही तेच. पहिलं पाणी झालं की लेकरू पाऱ्याचं झालं. ही रीत कुठल्या पुस्तकात नाही. कंपनीच्या भिंतीला भोक पडलं म्हणून ती जन्माला आली.

राजधानी झाली तशी नदीकाठच्या जागेला भाव आला. पलीकडे फ्लॅट उभे राहिले, त्यांना इंग्रजी नावं मिळाली. तिथल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोला बाळ झालं आणि चांगली मालिशवाली म्हणून कोणीतरी नलूमावशीचं नाव सुचवलं. मावशी पहिल्या दिवशी ऑटोतून गेली ती नालीच्या पाण्याचा भरलेला डबा मांडीवर घेऊन. मी योगायोगाने त्याच ऑटोत होते. म्हटलं, "त्यांच्याकडे नळ आहे, गीझर आहे. हे कशाला?"

"नळाचं पाणी थंड्या मनाचं असते. तापवलं तरी मन थंडंच."

दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा पडलेला. त्या बाईंनी दारातच नाकाला पदर लावला होता म्हणे. "ये क्या ले आईं? इसमें से तो बदबू आ रही है!" मावशी आपल्या हिंदीत म्हणाली होती, "मॅडम, ये धान का पानी है, इससे हड्डी बसती है." मॅडम म्हणाली, "हड्डी हमारी डॉक्टर बिठा देगी, आप बस मालिश कीजिए." डबा लिफ्टपाशी ठेवावा लागला. मावशी रोज जायची, आपल्याच तेलाने आपल्याच हातांनी चोळायची, आणि गीझरच्या पाण्याने धुवायची. घरी येऊन म्हणायची, "बिचारं लेकरू. एवढ्या मोठ्या घरात जलमलं, पण पाणी नाई नशिबात."

मग कंपनी वाढली. नुसता तांदूळ विकून राजधानीत भागत नाही. पाकिटातला तयार भात, पाकिटातला उपमा, फोडून गरम केलं की झालं, असा नवा विभाग सुरू झाला. चकचकीत नळ्या, चकचकीत टाक्या. मायाच्या नवऱ्याला, दिलीपला, तिथे ठेक्यावर घेतलं. तो मला कौतुकाने सांगायचा, "दीदी, अंदर ऑपरेशन थिएटर जैसा है. हर शिफ्ट के बाद सब पाइप कॉस्टिक से धोते हैं." पाकिटातला भात स्वच्छ ठेवायलाच हवा. प्रश्न एवढाच होता की नळ्या धुतलेलं ते कातडी खाणारं सोड्याचं पाणी जातं कुठे. ते त्याच भोकातून यायचं.

आणि इथे माझा सगळ्यात जास्त संताप होतो, कारण पाऱ्याला ते पाणी आवडलं. आंबूस वास कमी झाला. पिवळेपणा गेला. पाणी बोटांना बुळबुळीत लागायला लागलं आणि कपडे साबणाशिवाय स्वच्छ निघायला लागले. बाया खूश. "कंपनी सुधरली," म्हणाल्या. नलूमावशीने ओंजळीत घेऊन अंगठ्याने चोळून पाहिलं आणि तिचा चेहरा असा खुलला की माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "पाय वं, पेजेसारखं चिक्कन लागते. धानाचा गुण उतरून राहिला. राजधानीचं पाणी हाय आता!"

बुळबुळीत म्हणजे पेज, पेज म्हणजे ताकद. जिने आयुष्यभर भाताची हंडी पाहिली तिने दुसरं काय समजावं? ज्यांना खरं माहीत होतं ते भिंतीच्या आत होते आणि भिंतीला फक्त पाण्यापुरतं भोक होतं.

पहिलं लेकरू साहूंचं. मांड्यांच्या घडीत लाल झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरने "गर्मी के दाने" म्हणून पावडर दिली. मग ममता वासनिकच्या मुलीची मान सोलली. मग आणखी एक. सालपटं निघायची, खालून ओली लाल कातडी. रात्रंदिवस लेकरं किरकिरायची.

नलूमावशीची झोप उडाली ती तेव्हापासून. तिचा पक्का समज झाला की दोष तिच्या हातांचा आहे. तिने तेल बदललं. मोहरीचं सोडून तिळाचं, तिळाचं सोडून जवसाचं. नखं अशी कापली की बोटांतून रक्त आलं. बांगड्या कायमच्या काढल्या. चुना लावून हात धुवायला लागली. सकाळी उठली की पाऱ्यात फिरायची, घरोघरी. दारात उभी राहून विचारायची, "झोपलं होतं का रात्री?" आई हो म्हणाली तरी आत यायची, लेकराचं दुपटं सोडायची, मान उचलून बघायची, काखा बघायची, मांड्या बघायची. काही नसलं तरी दुपारी पुन्हा. बाया कंटाळल्या. एकीने तोंडावर म्हटलं, "मावशी, तुम्ही पाहून पाहूनच नजर लावून राहिल्या." दुसऱ्या दिवशी मावशी त्या घरी आत गेली नाही, खिडकीतून डोकावली.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात बसून स्वतःच्याच तळहातांकडे पाहत होती.

"हे रडणं येगळं हाय वं," ती म्हणाली. "भुकेचं रडणं मले समजते, पोटाचं समजते. हे नाई समजून राहिलं. काहून रडतात?"

"मावशी, पाणी आहे ते. हात नाही, तेल नाही. पाणी."

"तू पहिल्यापासून पाण्याच्याच मागं लागली हायस."

"मग पलीकडच्या फ्लॅटमधलं बाळ कसं आहे?"

तिथे ती अजून जात होती. तेच तेल, तेच हात.

"लोण्यासारखं हाय," ती म्हणाली. मला वाटलं आता उठेल, पाऱ्यात जाऊन ओरडून सांगेल. मी पर्चीचं पहिलं वाक्यही मनात जुळवलं होतं. ती उठली, पण चूल पेटवायला. चहा ठेवला. त्यात नेहमीसारखी साखरेची लयलूट केली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मायाले आठवा लागला हाय."

मला लगेच कळलं नाही. घरी जाताना कळलं. माया बाळंतपणाला येणार होती. दिलीप ठेक्यावर होता आणि त्याचं नाव कायम करायच्या यादीत आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं. पाणी वाईट आहे असं नलूमावशीच्या तोंडून निघालं तर पाऱ्यात ते कोणी पर्ची समजणार नव्हतं. तिचा शब्द म्हणजे निकाल. आणि निकाल देणाऱ्याचा जावई कंपनी कशाला ठेवून घेईल? ती गप्प राहिली. पण त्या दिवसानंतर तिने एकाही लेकराला पायांवर घेतलं नाही. विचारलं की सांगायची, "कंबर धरली हाय." फ्लॅटमध्ये मात्र जायची. पाऱ्याने त्याचा अर्थ लावला की मावशीला आता मोठी माणसं भेटली.

मायाला मुलगा झाला. आणि त्याच सुमारास कंपनीच्या पुढच्या विस्तारासाठी जनसुनवाई जाहीर झाली. म्हणजे मंडप घालून, सरकारी माणसं बसवून लोकांना विचारायचं, की बाबांनो, हे वाढलं तर तुमची काही हरकत आहे का? आम्ही हरकतीच्या पर्च्या छापल्या: लेकरांची कातडी, नदीचे मेलेले मासे. कंपनीलाही काहीतरी दाखवायचं होतं. त्यांच्या लोककल्याण विभागाच्या एका साहेबाला कुठूनतरी 'पहिल्या पाण्या'ची गोष्ट कळली आणि तो वेडाच झाला. फोटो काढायचे. मंडपात मोठ्या पडद्यावर लावायचे. जे पाणी नवजात बाळाच्या अंगावर घालतात त्याला वाईट कोण म्हणेल? बाळ हवं, आणि बाळ कोणतं? नलूमावशीचा नातू.

दिलीप घरी सांगायला आला तेव्हा मी तिथेच होते. त्याला मराठी समजत असूनही तो मावशीशी हिंदीतच बोलायचा.

"मम्मीजी, बस एक दिन की बात है. साहब खुद आ रहे हैं."

"लेकराचं अंग कवळं हाय अजून."

"सबका होता है. पूरे पारे के बच्चों को आपने ही नहलाया है ना?"

हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. पण मावशीने पाखडणं थांबवून सुपली खाली ठेवली.

"एक बार में क्या होगा?" तो म्हणाला. "बाद में घर पे हैंडपंप के पानी से धो देना. किसी को क्या पता?" म्हणजे त्यालाही माहीत होतं. मायाने मान खाली घातली, म्हणजे तिलाही. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि पाळण्यात ते लेकरू पाय झाडत होतं.

मी तोंड उघडलं. मावशीने हात वर केला. "तू नको बोलू. तू बोलली का हे तुह्या पर्चीचं होते. हे माह्या घरचं हाय."

त्या सकाळी नालीवर लग्नासारखी गर्दी. कंपनीचे टॉवेल, कंपनीचे साबण, लाडूची पाकिटं. कॅमेरावाला उजेड बघत इकडून तिकडे करत होता. कल्याणवाले साहेब बुटांना चिखल लागू नये म्हणून एका विटेवर उभे. दिलीपने स्वतः भोकाखाली बादली धरली, भरली आणि दगडाजवळ आणून ठेवली. वाफ निघत होती. बाया भोवती बसल्या. ममता वासनिक मागे होती, आपल्या मुलीला पदराखाली झाकून.

नलूमावशी आली. दगडावर बसली, लुगडं वर ओढलं, पाय पसरले. मायाने बाळ दिलं. मावशीने त्याला पायांवर आडवं घेतलं, मान तळहातात धरली, तेल लावलं. कॅमेरावाला वाकला. मावशीने दुसरा हात बादलीकडे नेला आणि तो पाण्याच्या वर तसाच राहिला. पाण्याला लागलाच नाही.

"माया," ती म्हणाली. "पंपाचं पाणी आण. चुलीवर तापवून आण."

कोणाला काही समजेना. साहेब हसले. "माताजी, ये गरम ही तो है!"

"लेकराले नाई चालत."

"क्यों नहीं चलता? आपके यहाँ का रिवाज है ये तो!"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माया उठली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि घराकडे पळत गेली. पंपाचा दांडा खालीवर होताना ऐकू येत होता. मग चुलीचा धूर दिसला. पाणी तापायला वेळ लागतो. तो सगळा वेळ पारा त्या दगडाभोवती बसून होता, आणि बादलीतली वाफ हळूहळू कमी होत होती. कोणी उठलं नाही. दिलीप बादलीशेजारी उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न समजल्यासारखा. मावशी लेकराच्या अंगावर पदर धरून बसली होती.

तेवढ्यात मागून ममता उठली. तिने पदर बाजूला केला आणि मुलीची सोललेली मान सगळ्यांना दिसली.

"तुमच्या घरचं आहे म्हणून पंपाचं पाणी?" तिचा आवाज फाटला होता. "आमचे लेकरं धुतले तेव्हा नाई आठवला का पंप? कंबर धरली म्हणे! आम्हाले सांगता नाई आलं?"

मला वाटलं मावशी सांगेल. की मलाच माहीत नव्हतं, मीही फसले, कंपनीला विचारा. हे सगळं खरं होतं आणि मी ते तिच्या वतीने ओरडून सांगायला तयार होते. ती एवढंच म्हणाली:

"हव. नाई सांगितलं."

पाणी आलं. तिने कोपराने पाण्याची ऊब पाहिली आणि नातवाला धुतलं. सावकाश, कान, मान, काखा, काही न सोडता. साहेब विटेवरून उतरून गेले होते. कॅमेरावाल्याने फोटो काढला नाही, पण लाडूचं पाकीट घेतलं. त्या दिवशी पाऱ्यातल्या एकाही बाईने नालीचं पाणी घरात नेलं नाही.

माझी पर्ची हे करू शकली नव्हती.

पुढचं पर्चीच्या भाषेत सांगते, कारण ते त्याच लायकीचं आहे. जनसुनवाई झाली. लोक बोलले, ममता बोलली, मी बोलले, टेबलामागच्या माणसांनी माना डोलावल्या. विस्तार मंजूर झाला. अट एकच: उघडी नाली बंद करा. कंपनीने तत्परतेने नाली बुजवली, जमिनीखालून मोठा पाइप टाकला आणि तो थेट नदीत नेऊन सोडला. बोर्ड लावला: 'जनता की माँग पर'. आता ते पाणी आमच्या दारातून जात नाही. दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही.

आणि पारा? पाऱ्याचं गरम पाणी गेलं. थंडीत बाया पंपावर कुडकुडत उभ्या राहायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "म्हातारीनं पाणी बंद केलं." लेकरांच्या माना बऱ्या झाल्या, त्याचं श्रेय दवाखान्याच्या मलमाला मिळालं. दिलीपचं नाव कायमच्या यादीत निघालं नाही, ठेक्याच्या यादीतही राहिलं नाही. तो मायाला आणि लेकराला घेऊन उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात गेला, तिथल्या रोलिंग मिलमध्ये. सासूशी तो पुन्हा बोलला की नाही मला माहीत नाही. फ्लॅटमधलं बाळ चालायला लागलं, तिथलंही काम संपलं. पाऱ्यात नवी लेकरं झाली, पण नलूमावशीला कोणी बोलावलं नाही. घरांची दारं मात्र अजून तिकडेच आहेत, जिथे नाली होती.

मी मध्ये दोनदा तिच्याकडे गेले, दोन्ही वेळा घराला कडी. शेजारची म्हणाली, "सकाळीच निघते. कुठी जाते काय माहीत. डोकं फिरलं हाय थोडं."

शेवटची भेट, भेट म्हणवत नाही, पाहणं म्हणू. कंपनीचा पाइप नदीत सुटतो त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात मी मोटरसायकलवर पर्च्या घेऊन चालले होते. रस्ता नदीला लागूनच जातो. खाली घाटावर बाया कपडे धूत होत्या, दोन-तीन लहान पोरं पाण्यात होती. काठाच्या चिखलातून एक बाई तरातरा चालत येत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, हात वर. मी गाडी थांबवली.

"लइका ला ए पानी म झन नहवाव!" नलूमावशी ओरडत होती. तिची छत्तीसगढी तिच्या हिंदीइतकीच मोडकी. "झन नहवाव दीदी! लेकराले नका धुऊ यात!"

एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काबर? नदिया तोर ए का, दाई?"

का म्हणून, नदी काय तुझी आहे, असं तिने विचारलं तशा बाकीच्या हसल्या. मावशी हसली नाही. तिने वाकून जवळच्या एका पोराला दंडाला धरून बाहेर काढलं, आपल्या पदराने त्याचे पाय पुसले, गुडघ्यांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत. पोराची आई धावत आली आणि तिने पोराला हिसकावून घेतलं. काय बोलली ते वाऱ्यावर ऐकू आलं नाही. मावशीने मान हलवली, हव, हव, असं काहीतरी.

मी वरून हाक मारली. तिने मागे पाहिलं. मला ओळखलं असावं. तिने हातानेच मला तिथेच थांबायला सांगितलं आणि नदीच्या कडेकडेने पुढे चालायला लागली, जवळजवळ पळतच. पुढच्या घाटावर कोणीतरी एका लेकराचं झबलं काढत होतं.